पावसातली शिकार : कायोटी, कोल्हा आणि वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात कोल्ह्याच्या कुळाविषयी एकाच वेळी चार पत्रे आली आणि चारही पत्रांत पावसाचा उल्लेख आहे. पहिल्या पत्रातील प्रश्न एका घरातील काळजीतून आलेला आहे, म्हणून त्याचे उत्तर सर्वांत सविस्तर दिले आहे.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त तीन वर्षांपासून टेक्सासमध्ये राहतो. तिथे त्याच्या एका सहकाऱ्याच्या वडिलांचे मेंढ्यांचे मोठे कुरण आहे आणि मे महिन्याच्या अखेरीस ‘कायोटी’ नावाच्या प्राण्याच्या शिकारीसाठी त्याला तिथे बोलावले आहे. त्या आठवड्यात पाऊस असेल आणि पावसात हा प्राणी हमखास सापडतो, असे त्याला सांगण्यात आले आहे. हा प्राणी नेमका कोणता? पावसातील शिकारीविषयीचे हे म्हणणे खरे आहे का? आमच्या घरात मुंगीसुद्धा उगाच मारू नये असे शिकवलेले आहे. अशा वेळी मी मुलाला काय सांगावे? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : कायोटी हा कुत्रा, लांडगा आणि कोल्हा यांच्याच कुळातील प्राणी असून तो अलास्कापासून पनामापर्यंतच्या प्रदेशात आढळतो, आपल्याकडे मुळीच नाही. त्याचे हे नाव मेक्सिकोतील नाहुआट्ल भाषेतील ‘कोयोट्ल’ या शब्दावरून स्पॅनिशमार्गे आले. थॉमस से या अमेरिकी निसर्गअभ्यासकाने १८२३ मध्ये त्याला कॅनिस लॅट्रान्स हे शास्त्रीय नाव दिले, ज्याचा अर्थ ‘भुंकणारा कुत्रा’ असा होतो. आपला कोल्हा साधारणपणे आठ ते दहा किलो वजनाचा असतो आणि कायोटी त्याहून थोराड, नऊपासून अठरा किलोंपर्यंतचा. स्वभावाने मात्र दोघे फार जवळचे आहेत. ससा, उंदीर, मेलेले जनावर, पडलेले फळ, जे मिळेल ते खाऊन जगायचे, माणसाच्या वस्तीच्या कडेकडेने राहायचे आणि रात्री एकमेकांना हाळी द्यायची, ही दोघांचीही रीत. आपल्याकडे ‘कोल्हा काकडीला राजी’ म्हणतात. टेक्सासचा कायोटी निवडुंगाच्या फळांना आणि मेस्कीट या काटेरी झाडाच्या शेंगांना राजी असतो.

आता पावसाविषयी. पावसात हा प्राणी हमखास सापडतो, हे म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि जे अर्धे राहून जाते तेच अधिक महत्त्वाचे आहे. झोडपून काढणाऱ्या पावसात कायोटी सहसा हिंडत नाही, एखाद्या दाट झुडपाच्या किंवा घळीच्या आडोशाला अंग मुडपून पडून राहतो. भुरभुर पावसात मात्र त्याचे फिरणे चालू असते, आणि मोठी सर ओसरल्यानंतरचा तास-दोन तासांचा वेळ हा त्याच्या हालचालीचा असतो, कारण तो उपाशी असतो आणि बिळांत पाणी शिरल्यामुळे उंदरांसारखे लहान प्राणी उंचवट्यावर आलेले असतात. अनुभवी शिकारी पावसाची वाट न पाहता पाऊस थांबण्याची वाट पाहतात, ती याच कारणाने.

कायोटीच्या शिकारीची तिथली पद्धत ही मुख्यतः हाक देऊन बोलावण्याची आहे. जखमी सशाच्या ओरडण्यासारखा आवाज तोंडाने फुंकायच्या शिट्टीतून किंवा यंत्रातून काढला जातो, आणि तो ऐकून कायोटी जवळ येतो. परंतु तो सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि आवाज जिथून आला तिथला वास घेऊन मगच पुढे पाऊल टाकतो. ओल्या जमिनीवर आणि भिजलेल्या पाचोळ्यावर माणसाच्या पावलांचा आवाज होत नाही, हा शिकाऱ्याचा फायदा. पण पानांवर पडणाऱ्या थेंबांच्या आवाजात त्याची हाकही दूरवर पोहोचत नाही, त्यामुळे प्राणी एरवीपेक्षा कमी अंतरावरून आणि अचानक समोर येतो. वासाचेही तसेच आहे. मुसळधार पाऊस हवेतला वास खाली बसवतो, परंतु हलक्या पावसानंतरच्या दमट हवेत वास अधिक काळ रेंगाळतो. म्हणजे पावसाने आपला वास धुऊन गेला, अशी समजूत करून घेणारा माणूस बहुतेक वेळा फसतो.

नजरेची अडचण याहून मोठी आहे. दुर्बिणीच्या काचेवर पाणी बसते, श्वासाने वाफ धरते. लेसरने अंतर मोजणारे उपकरण पावसाच्या थेंबांवरूनच परावर्तन घेऊन चुकीचा आकडा दाखवू शकते. आणि उष्णता टिपणारी दुर्बीण, जी रात्रीच्या शिकारीत वापरतात, ती पावसात निम्मी आंधळी होते, कारण पाणी अवरक्त किरण शोषून घेते आणि भिजलेली जमीन, झुडपे, दगड सगळे एकाच तापमानाचे दिसू लागते. अशा धूसर उजेडात समोरचा प्राणी कायोटीच आहे, कुरणावरचा राखणीचा कुत्रा नाही, याची खात्री कशी करायची? दूरवरून पाहिलेला भिजलेला कुत्रा आणि भिजलेला कायोटी यांत फरक करणे वाटते तितके सोपे नसते.

माझा मुख्य आक्षेप मात्र गोळी सुटल्यानंतरच्या गोष्टीला आहे. कोणताही नेमबाज कितीही चांगला असला तरी एखादी गोळी चुकीच्या जागी लागतेच, आणि त्या वेळी जखमी प्राण्याचा माग काढून त्याच्या यातना संपवणे, हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य मानले जाते. हा माग रक्ताच्या थेंबांवरून, दबलेल्या गवतावरून काढायचा असतो. पावसाची एक सर आली की रक्त धुऊन जाते, गवत सरळ होते, आणि जखमी जनावर झुडपात शिरून कित्येक तास, कधी कित्येक दिवस तडफडत राहते.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. जनावरांचा डॉक्टर म्हणून दौंड तालुक्यात नोकरीला असताना एका जुलै महिन्यात, रानडुकरासाठी लावलेल्या क्लच वायरच्या फाशात एक कोल्हा अडकला होता. रात्री केव्हातरी तार तोडून, पायात रुतलेल्या फासासकट तो उसात शिरला. सकाळी शेतमालकाने बोलावले तेव्हा बांधावर रक्ताचे डाग स्पष्ट होते आणि आम्ही वन विभागाच्या माणसांची वाट पाहत थांबलो. अर्ध्या तासात सर आली. डाग गेले, पावलांचे ठसे चिखलात मिसळले, आणि चार एकरांच्या उसात आम्ही पाच माणसे संध्याकाळपर्यंत सऱ्या तुडवत राहिलो. तिसऱ्या दिवशी कावळ्यांच्या गोंधळामुळे तो सापडला. तो जिवंत होता, परंतु पाय सडला होता आणि जखमेत अळ्या पडल्या होत्या. त्याला शांतपणे झोपवण्याखेरीज माझ्या हातात काहीही उरले नव्हते. त्या अर्ध्या तासाची आठवण मला आजही पावसाच्या पहिल्या सरीला होते.

मे महिन्याचा मुद्दा याहूनही गंभीर आहे. कायोटींचा मिलनाचा हंगाम जानेवारी ते मार्च असा असतो, गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असतो, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस बिळांजवळ लहान पिल्ले असतात आणि नर व मादी असे दोघेही त्यांना अन्न आणून भरवत असतात. पाऊस थांबल्यावर भुकेने बाहेर पडणारा कायोटी हा या दिवसांत बहुधा कुणाची तरी आई किंवा बाप असतो. टेक्सासच्या कायद्यात कायोटीला बंदीचा हंगाम नाही आणि संख्येची मर्यादाही नाही. त्यामुळे हा विचार तिथे कायदा करत नाही, तो शिकाऱ्यालाच करावा लागतो. तिथले अनेक जुने शिकारी या काळात बंदूक बाहेर काढत नाहीत, कारण थंडीत दाट होणारी लोकर आता झडत असते आणि कातड्यालाही किंमत नसते.

आपल्या मुलासाठी एक कायदेशीर गोष्ट स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. तात्पुरत्या, म्हणजे नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर अमेरिकेत असलेल्या परदेशी व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास तिथल्या संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. या मनाईला काही मोजकेच अपवाद आहेत आणि त्यांतील एक म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत चालू असलेला शिकारीचा परवाना. मित्राच्या कुरणावर, मित्राच्या बंदुकीने, नुसते एकदा चालवून पाहिले तरीही हा नियम लागू होऊ शकतो आणि त्याचा परिणाम व्हिसावर होऊ शकतो. शिवाय २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला टेक्सासमध्ये शिकारीसाठी शिकारी-प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. त्याने आपल्या कार्यालयाच्या इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय शस्त्राला हात लावू नये, हे आपण त्याला अगदी स्पष्ट शब्दांत सांगावे.

कुरणाच्या मालकाची बाजूही मी ऐकून घेतो, कारण मेंढपाळाचे दुःख आपल्याला परके नाही. अमेरिकेत सर्वाधिक मेंढ्या आणि शेळ्या टेक्सासमध्येच आहेत आणि कायोटी कोकरे उचलतो, हे खरे आहे. परंतु कायोटी मारून कायोटी कमी होत नाहीत, हा तिथला शंभर वर्षांचा अनुभव आहे. सरकारी यंत्रणेने दर वर्षी हजारो कायोटी मारूनही हा प्राणी विसाव्या शतकात पश्चिमेच्या गवताळ प्रदेशातून पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरला. जागा धरून बसलेली जोडी मारली की तिच्या जागी बाहेरचे तरुण प्राणी येतात, आणि संख्या विरळ झाल्यावर एका विणीतील पिल्ले वाढतात. त्यामुळे तिथले बरेच मेंढपाळ कळपात ग्रेट पिरेनीज जातीचे मोठे पांढरे कुत्रे ठेवतात, आणि काही जण चक्क गाढव ठेवतात. गाढवाला कुत्र्याच्या जातीच्या प्राण्यांचा उपजत तिटकारा असतो आणि ते कायोटीच्या अंगावर लाथा झाडत धावून जाते.

मग मुलाला काय सांगावे? त्याने निमंत्रण नाकारावे, असे मी म्हणणार नाही. सहकाऱ्याच्या घरी जाण्याचे निमंत्रण आपुलकीचे असते. त्याने कुरणावर जावे, बंदूक मात्र घेऊ नये, आणि पाऊस थांबल्यावर दुर्बीण घेऊन मालकाबरोबर एखाद्या उंचवट्यावर बसावे. पिल्लांना घेऊन बाहेर पडलेली कायोटीची जोडी पाहायला मिळणे हे भाग्याचे आहे. मालकाने कारण विचारले तर घरात शिकवलेले सांगायला संकोच वाटण्याचे काही कारण नाही, आणि व्हिसाचे कारण तर कुणालाही पटण्यासारखे आहे. तिथे वीज कडाडू लागली तर उघड्या माळावर थांबू नये आणि वाहत्या पाण्याखाली गेलेल्या फरशी पुलावरून गाडी घालू नये, एवढे मात्र आवर्जून सांगावे, कारण त्या भागात मे महिन्यातील वादळी पावसात अशाच ठिकाणी माणसे वाहून जातात.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात सकाळी फिरायला गेले असताना टेकडीच्या पायथ्याशी एक भिजलेला कोल्हा दिसला. तो माझ्याकडे पाहत काही क्षण उभा राहिला, पळाला नाही. माझ्या सूनबाई म्हणाल्या की दिवसा दिसणारा कोल्हा पिसाळलेलाच असतो. हे खरे आहे का? — एक वाचक, पाषाण

उत्तर : नाही. कोल्हा मुख्यतः रात्री आणि संधिप्रकाशात हिंडतो हे खरे, परंतु रात्रभर पाऊस झाला असेल तर उपाशी राहिलेला प्राणी सकाळी उशिरापर्यंत बाहेर दिसतो. क्षणभर थांबून माणसाला न्याहाळणे हेही त्याच्या सावध स्वभावाला धरूनच आहे. झोकांड्या खात चालणे, लाळ गळणे, खालचा जबडा लोंबणे, काहीही कारण नसताना अंगावर धावून येणे ही लक्षणे दिसली तरच रेबीजची शंका घ्यावी, आणि तेव्हा जवळ न जाता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. चावा किंवा ओरखडा झाल्यास ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे ‘उद्या पाहू’ म्हणून चालत नाही.

याच संदर्भात टेक्सासची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८८ मध्ये त्या राज्याच्या दक्षिण भागात कुत्र्यांचा रेबीज कायोटींमध्ये पसरला आणि त्यांच्याकडून पाळीव कुत्र्यांमध्ये परत येऊ लागला. कायोटी मारत सुटण्याऐवजी १९९५ पासून तिथे लस भरलेली आमिषे विमानांतून माळरानावर टाकण्यात आली. कायोटींनी ती खाल्ली, त्यांच्यात प्रतिकारशक्ती आली, आणि २००७ मध्ये कुत्र्यांमधील रेबीजच्या त्या प्रकारापासून अमेरिका मुक्त झाल्याचे जाहीर झाले. जंगली प्राण्याला शत्रू न मानता रोगाला शत्रू मानल्याचे हे फळ आहे, आणि भटक्या कुत्र्यांच्या लसीकरणाकडे आपण ज्या ढिलाईने पाहतो ती पाहता हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

प्रश्न : इंदापूर तालुक्यात आमचा मका असतो. पावसाळ्यात कोल्हे कणसे खातात, आणि एकदा शेळीचे करडूही नेले. पावसाळी रात्री बंदोबस्त करायचा, पावसात काही कळत नाही, असे गावातील काही जण म्हणतात. मी स्वतः पुण्यात नोकरी करतो, शेती भाऊ पाहतो. कायदा काय सांगतो? — एक वाचक, हडपसर

उत्तर : पत्रातील ‘बंदोबस्त’ या शब्दाचा अर्थ आपल्याला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे, म्हणून आडपडदा न ठेवता उत्तर देतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे ही शिकार आहे. केवळ ठार मारणेच नव्हे, तर फास लावणे, सापळा रचणे, विष किंवा आमिष घालणे, हाकून आणणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हे सर्व या अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत येते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या याद्यांची, फेररचना झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तेव्हापासून कोल्हा आणि खोकड (इंग्रजीत ‘फॉक्स’ म्हणतात तो) हे दोघेही लांडग्याच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीसाठी किमान तीन वर्षे आणि कमाल सात वर्षे कारावास व किमान २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. पिकाचे नुकसान होते, या कारणावरून पहिल्या अनुसूचीतील प्राणी मारण्याची परवानगी मिळत नाही. कुंपणात वीज सोडण्याचा विचारही भावाच्या मनात येऊ देऊ नका. पावसाळ्यात चिखलातून तो प्रवाह कोल्ह्याआधी घरच्या माणसापर्यंत पोहोचतो.

करता येण्यासारखे पुष्कळ आहे. मक्याच्या कडेने पडलेली कणसे आणि मेलेल्या कोंबड्या शेतात राहू देऊ नयेत, कारण कोल्हा पहिल्यांदा त्यांच्यासाठी येतो आणि मग उभ्या पिकाकडे वळतो. करडे आणि कोकरे रात्री बंद जागेतच हवीत. दिवाळीनंतर कोकणात उतरणारे आणि पावसाळ्यात देशावर परतणारे आपले धनगर आजही मेंढ्यांभोवती रात्री वाघूर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावतात, वाड्यावर कुत्री ठेवतात आणि आळीपाळीने जागतात; कोल्ह्या-लांडग्यांच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे सांभाळणाऱ्या त्या माणसांकडून आपल्या भावाने दोन गोष्टी विचारून घ्याव्यात, असे मी मनापासून सुचवतो. जनावर गेल्यास अवशेष न हलवता लगेच वन परिक्षेत्र कार्यालयात कळवून पंचनामा करून घ्यावा. उशीर झाला की पाऊस ठसे पुसून टाकतो आणि नुकसान कुणी केले हे ठरवणे अवघड होते.

आपल्याच तालुक्यातील कडबनवाडीच्या आणि शेजारच्या बारामतीतील शिर्सुफळच्या गवताळ माळावर आता वन विभागाने सफारी सुरू केली आहे. चिंकारा, लांडगा, कोल्हा, खोकड, तरस पाहण्यासाठी माणसे पुण्यामुंबईहून पैसे मोजून तिथे येतात. ज्या माळाला आपण आजवर ‘पडीक’ म्हणत आलो, त्याचे मोल गावाच्या लक्षात येऊ लागले, तर आपल्या भावाचे काम बरेच सोपे होईल.

प्रश्न : वळवाचा पाऊस पडताना ऊन असले की आजी म्हणायची, ‘कोल्ह्याचं लग्न लागलं.’ आता नातू मला त्याचे कारण विचारतो. आणि कोल्हा म्हणजे गोष्टीतला द्राक्षे खाणारा प्राणीच ना? — एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. इसापाच्या गोष्टीतील प्राणी हा युरोपातील लाल खोकडासारखा आहे. मराठीत गोष्ट आली तेव्हा त्याचा कोल्हा झाला. आपल्या माळरानावर कोल्हा आणि खोकड असे दोन वेगळे प्राणी आहेत. खोकड मांजरापेक्षा थोडे मोठे, शेपटीच्या टोकाला काळे, आणि कोल्हेकुई करणारा तो कोल्हा. नातवाला हा फरक आवर्जून दाखवावा.

ऊन-पावसाच्या लग्नाची समजूत एकट्या मराठीची नाही; जपानमध्येही अशा पावसाला खोकडाची लग्नाची वरात म्हणतात. ही समजूत कशी निर्माण झाली, याचा माझ्यापुरता अंदाज एवढाच की सर सरता सरता ऊन पडते, त्याच वेळी आडोशाला बसलेला कोल्हा अंग झाडून बाहेर येतो, आणि जोडीने राहणारा प्राणी असल्यामुळे तो बहुधा दोघांनी मिळून येतो. सुप्याजवळच्या माळावर एका ऑगस्टमध्ये मी तसे पाहिले आहे: गवतावर ऊन चमकत होते, पाऊस अजून पडत होता, आणि बाभळीखालून आधी एक आणि मागोमाग दुसरा असे दोन कोल्हे बाहेर आले, अंग झटकले आणि ओढ्याच्या दिशेने चालू लागले.